पॅडच्या पट्ट्याचा आवाज

उत्तम,

जी गोष्ट तुला सांगायची होती, ती सांगायचं मी पन्नासहून जास्त वर्षं टाळलं. कधी तू खुशीत होतास म्हणून, कधी काळजीत होतास म्हणून, कधी रशीदभाईच्या हॉटेलात चार माणसं जास्त होती म्हणून. निमित्त सापडायला मला कधीच अडचण आली नाही. आता तू जाऊन सोळा दिवस झाले, आणि एकही निमित्त उरलेलं नाही.

परवा तुझा अनिल घरी आला होता. डोक्यावर केसांची नुसती सावली, हातात वही. म्हणाला, "काका, बाबांच्या नावानं आमखास मैदानावर टूर्नामेंट घ्यायची ठरलीय. स्मरणिकेत पहिला लेख तुमचाच पाहिजे." मी हो म्हणालो. मग तो म्हणाला, "अन् बेस्ट अंपायरची ढाल तुमच्या नावानं द्यायची. आईच्या हातून. बाबांना लई आवडलं असतं." आणि त्यानं मला माझीच गोष्ट सांगितली, जशी तू त्याला लहानपणापासून सांगत आलास तशी: फायनल, तू सेट झालेला, आणि दिगूकाकांनी आपल्याच दोस्ताला आऊट दिलं. सांगताना त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता, माझ्याबद्दलचा. मी उठून आत पाणी प्यायला गेलो.

म्हणून हा लेख मी तुलाच लिहितो आहे. अनिलला हवा आहे तसा तो होणार नाही.

सुरुवात हेव्यापासून करावी लागेल. मला तुझा हेवा वाटायचा. वाटायचा कशाला, अजून वाटतो. त्या सकाळी स्मशानभूमीबाहेर गाड्या लावायला जागा नव्हती. वैजापूरकडचे तुझे भाऊबंद टेम्पो करून आले होते. शहागंजातल्या व्यापाऱ्यांनी दुकानं बारापर्यंत बंद ठेवली. तुझ्या बी-बियाण्याच्या दुकानातून एकदा पाकीट नेलेला शेतकरीसुद्धा कोपऱ्यात डोळे पुसत उभा होता. आणि मी, तुझा सगळ्यात जुना दोस्त, कोण कोण आलंय ते बघत होतो आणि माझ्या वेळी यातले किती येतील याचा अंदाज बांधत होतो. तुझी चिता पेटायची होती अजून.

रशीदभाईच्या हॉटेलात मी आठला जायचो, तू साडेआठला दुकान उघडायच्या आधी यायचास. तो अर्धा तास मला नकोसा व्हायचा. मी दिसलो की रशीदभाई गल्ल्यावरून विचारायचा, "उत्तमसेठ नहीं आए क्या मियाँ?" मी म्हणायचो, येतील. मग तो चहा टाकायचा थांबायचा. माझ्या एकट्यासाठी चहा टाकावा असं त्याला कधी वाटलं नाही.

आणि तू आलास की बोलणं सुरू व्हायचं. मी तीन पेपर वाचून आलेलो असायचो. कुणाची सरासरी किती, कुठल्या मैदानावर काय झालं, सगळं पाठ. वीस ओव्हरच्या खेळानं कसोटीचं वाटोळं केलं, हे मी मंगळवारी आकड्यांसकट सांगितलं की लोक बशीत चहा ओतत राहायचे. गुरुवारी तू तेच म्हणायचास, "पोरांना लीव्ह करता येईना आता, दिसला बॉल की घातली बॅट," आणि चार टेबलांवरच्या माना हलायच्या. मी चिडून म्हणायचो की हे मी परवाच सांगितलं होतं. तू हसायचास. "दिगू, तू पेपर वाचून बोलतो. मी बॉल बघून बोलतो."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागायचं. तुला बॉल दिसायचा. म्हातारपणी, जाड चष्म्यातून, हॉटेलातल्या धुरकट टीव्हीवरसुद्धा बॉलरचं मनगट बघून तू आधीच सांगायचास की हा आत येणार. आणि तो यायचा.

आपण किती भांडलो त्या टेबलावर. खेळाडूंचे लिलाव बघून मला किळस यायची. तू म्हणायचास की मार्केट यार्डात वाढलेल्याला लिलावाची कसली लाज, माल चोख पाहिजे. मैदानं लहान केली, बॅटी ओंडक्यासारख्या झाल्या, बॉलर बिचारा मजूर झाला, यावर मात्र आपलं एकमत व्हायचं. पण पुढं काय, यावर पुन्हा फाटायचं. मी म्हणायचो, आपल्याबरोबर हा खेळ संपला. मोबाईलवर टीम लावणाऱ्या पोरांना मॅच बघायची नसतेच, त्यांना आपला नंबर किती आला तेवढं बघायचं असतं. तू म्हणायचास, शेंद्र्याच्या कारखान्यातली पोरं रात्रपाळी करून सकाळी सातला मैदानावर येतात, तू कधी बघितलं का? मुलींचा सामना लागला की तू दुकान भावाच्या पोरावर सोडून टीव्हीसमोर बसायचास. "या पोरी बघ. बॉल खाली ठेवून मारतात. आपल्या वेळचं क्रिकेट यांच्याकडं गेलंय." मला तेव्हाही हेवा वाटायचा. पंच्याहत्तरी गाठलेल्या माणसाला कशाबद्दलही एवढी आशा कशी काय वाटते?

आणि एक भांडण होतं, जे कधी मिटलं नाही. रिव्ह्यूचं.

तुझं म्हणणं साधं होतं. अंपायरनं बोट वर केलं की चालायला लागायचं. मशीन कशाला मधे? "अंपायर चुकंल एखाद्या वेळी. पण खोटं नाय बोलणार. आपला दिगू बघा." आणि टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघायचे. मी रिव्ह्यूच्या बाजूनं घसा कोरडा करायचो. माणसाच्या डोळ्यावर विश्वास ठेवू नये, कानावर तर नाहीच, तिसरा कुणीतरी बघणारा पाहिजे, असं मी इतक्या जोरात सांगायचो की रशीदभाई म्हणायचा, "दिगंबरसाब खुद अंपायर, और अंपायरों के इच खिलाफ." सगळे हसायचे. तूही. माझा आवाज का चढतो, हे तुमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

आता ती मॅच.

स्मरणिका वाचणाऱ्या पोरांसाठी सांगतो, कारण त्यांना आमचं क्रिकेट माहीत नाही. खिळे ठोकून ताणलेली काथ्याची मॅट, टीमला पॅडचे तीन जोड, त्यातला एक कायम फाटका. अंपायर बाहेरून कुणी येत नसे. जी टीम बॅटिंग करत असेल, तिचेच आऊट झालेले किंवा नंबर न आलेले दोघं उभे राहायचे. खिशात सहा चिंचोके, एक बॉल झाला की एक या खिशातून त्या खिशात. आपल्या माणसाला एलबीडब्ल्यू देणारा अंपायर तेव्हाच्या औरंगाबादेत जन्मला नव्हता. कॉट बिहाइंडसुद्धा बॅट्समन स्वतः चालू लागला तरच. त्यामुळे आपल्याच टीमच्या अंपायरनं बोट वर केलं, तर तो आऊट असणारच. त्यात शंका घ्यायला जागाच नसायची.

आपण दोघं ओपनर. मी तहसीलच्या कारकुनाचा मुलगा, पुस्तकात बघून स्टान्स घेणारा. तू वैजापूरहून आलेला, बाजार समितीच्या सिमेंटच्या ओट्यावर लिलाव संपल्यावर खेळून शिकलेला. सिमेंटवर बॉल घसरत यायचा, म्हणून तू शेवटच्या क्षणापर्यंत थांबायचास. तो थांबण्याचा क्षण मला कधी जमला नाही. मी आरशासमोर उभा राहून तो करून बघितला आहे, हे तुला माहीत नाही.

फायनलला पुण्याहून निवड समितीचे एक गृहस्थ आले होते. लिंबाखाली खुर्ची टाकून, मांडीवर वही घेऊन बसलेले. मी चार रन करून बोल्ड झालो. पॅड सोडत होतो, तेव्हा ते तुझ्याकडे बघत आपल्या टीमच्या सेक्रेटरींना विचारत होते, "हा समोरचा मुलगा कुठला? याला शिबिराला पाठवाल का?" मी त्यांच्यापासून तीन हातांवर बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाच मिनिटांनी आपला अंपायर लघवीला म्हणून गेला आणि सेक्रेटरींनी मला उभं राहायला सांगितलं. मी चिंचोके घेतले आणि गेलो.

तू चाळीस रनच्या पुढं होतास. त्यांचा डावखुरा बॉलर माझ्या बाजूनं टाकत होता. तिसरा बॉल ऑफच्या बाहेर पडला, तू पाय पुढं टाकलास आणि शेवटच्या क्षणी बॅट मागं घेतलीस. बॅट आणि बॉलच्या मधे चार बोटं उजेड होता. मी तो बघितला. आणि टक् असा आवाज झाला.

तो आवाज मला ओळखीचा होता. तुझ्या डाव्या पॅडचा वरचा पट्टा पळता पळता सैल झाला होता. पाय जोरात पुढं टाकला की त्याचं बक्कल पॅडमधल्या वेतावर आपटायचं. आधीच्या मॅचला तेच पॅड मी बांधले होते आणि दिवसभर तो आवाज ऐकला होता. मैदानावर तो ओळखणारा माणूस मी एकटाच होतो. तूसुद्धा ते पॅड पहिल्यांदाच बांधले होतेस.

कीपर ओरडला, बॉलर वळला. मला नाही म्हणायला काहीच लागत नव्हतं. मान हलवायची होती फक्त. मी लिंबाखाली बघितलं. ते गृहस्थ वहीत काहीतरी लिहीत होते. आणि माझं बोट वर गेलं.

गेलं म्हणतोय मी. अजून सरळ लिहिता येत नाही. मी ते वर केलं.

तू माझ्याकडे बघितलंस. राग नव्हता त्यात. वर्गात उत्तर चुकल्यावर पोरगं मास्तरांकडे बघतं तसं बघितलंस, खरंच का, असं. मग बॅट काखेत घेऊन चालायला लागलास.

आपण अकरा रननी हरलो. तंबूत सगळे माझ्या अंगावर आले, एकानं तर माझी कॉलर धरली. तू त्याचा हात सोडवलास. तुझं वाक्य मला शब्दशः आठवतं. "मला काय आवाज आला नाय. पण दिगूनं दिलं म्हणजे लागलाच असंल. तो का मला उगा देईल?"

सगळे सामान गोळा करायला लागले. खरंच, का देईल?

पुण्याच्या गृहस्थांनी समोरच्या टीममधल्या एका पोराचं नाव नेलं. तू पुढच्या वर्षी खेळलास, त्याच्या पुढच्याही वर्षी, पण तुझ्या खेळण्यात काहीतरी बिघडलं होतं. बॉल मागं गेला की तू बॅटच्या कडेकडे बघायचास. आपल्याला लागलेलं कळत नाही, असं तुझ्या मनानं घेतलं होतं. कुठं खट्ट झालं की तू स्वतःच निघायचास, अंपायरची वाटसुद्धा न बघता. एकदा तर समोरच्या कीपरनंच संध्याकाळी येऊन सांगितलं की बॉल तुझ्या कमरेला लागला होता. तू म्हणालास, असंल. लोकांनी त्याला खिलाडूवृत्ती म्हटलं. ती माझी करणी होती. मी तुझी एक विकेट घेतली एवढंच असतं, तर मी कधीच सांगून मोकळा झालो असतो. तुझ्या हातांना जे पक्कं माहीत होतं, ते मी खोटं पाडलं.

आणि मला काय मिळालं? नाव. आपल्याच दोस्ताला आऊट देणारा माणूस म्हणून दोन्ही टीम मला बोलवायला लागल्या. पुढची वीसेक वर्षं मी या जिल्ह्यातल्या प्रत्येक मैदानावर उभा राहिलो. त्यानंतर एकही खोटा निर्णय दिला नाही, हे शपथेवर सांगतो. पण त्याचा मला उपयोग काही झाला नाही. दर सत्काराला तीच गोष्ट निघायची, आणि ती सांगायला उभा राहणारा तूच असायचास.

मला वाटलं होतं, तुझं क्रिकेट सुटलं की माझा हेवाही सुटेल. तोही सुटला नाही. तू दुकान टाकलंस आणि ते चाललं. तू कडवट झाला नाहीस, याचाच मला हेवा वाटायला लागला. जे तुला मिळायला पाहिजे होतं त्याबद्दल तू एकदाही हळहळला नाहीस. मी मात्र रोज तुझ्याकडे बघून हळहळत होतो, आणि त्याचाही राग तुझ्यावरच काढत होतो.

माझी शैला गेली, त्यानंतरचे दोन महिने मला आठवतात. तू रोज सकाळी माझ्या दारात यायचास. सांत्वनाचा एक शब्द बोलला नाहीस. फक्त विचारायचास, "काल कोण जिंकलं रे?" तू रात्री मॅच बघितलेली असायची, मला माहीत होतं. मला तोंड उघडायला लावायचं म्हणून विचारायचास. मी सांगायला लागायचो आणि सांगता सांगता चपला घालायचो. तसा मी पुन्हा माणसांत आलो. त्या दिवसांतही मी ठरवलं होतं की आज सांगायचं. सांगितलं असतं तर उद्या दारात कोण येईल, असं वाटलं आणि गप्प बसलो.

आता शेवटची भेट. तू जायच्या आदल्या रविवारी, दुपारी. वहिनींनी मला तुझ्या पलंगाशेजारी खुर्ची दिली आणि चहा आणला. टीव्हीवर कसोटी चालू होती, आवाज अगदी बारीक. तुला बोलताना धाप लागत होती. घरातून निघतानाच मी ठरवलं होतं. पायऱ्या चढताना पहिलं वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

तेवढ्यात कॉट बिहाइंडचं अपील झालं. अंपायरनं आऊट दिलं, बॅट्समननं रिव्ह्यू घेतला. पडद्यावर आवाजाची ती रेघ आली. बॉल बॅटच्या जवळून गेला, रेघ सरळ. त्यानंतर बॅट पॅडवर आपटली, रेघ उडाली. नॉट आऊट. बॅट्समन पुन्हा गार्ड घ्यायला लागला.

तू ते बराच वेळ बघत राहिलास. मग माझा हात शोधलास.

"दिगू, आपल्या टायमाला हे पाहिजे होतं."

मला वाटलं, तुला कळलं. मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं, की आता सांगावं लागणार नाही.

"म्हणजे मी तरी सुटलो असतो," तू म्हणालास. "त्या फायनलचं सांगतो. तुला कधी बोललो नाय. तू बोट वर केलं तेव्हा माझ्या मनात आलं, यानं मुद्दाम दिलं. पुण्याला मी जाऊ नाही म्हणून दिलं. दोस्तावर असा संशय घेतला मी. कितीतरी वर्षं मधूनमधून यायचं मनात. लई वाईट वाटायचं स्वतःचं. तेवढं माफ कर मला."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

आणि मी काय केलं, उत्तम? मी तुझ्या हातावर थोपटलं आणि म्हणालो, "जाऊ दे रे. एवढ्या जुन्या गोष्टी."

मी तुला माफ केलं.

तू डोळे मिटलेस आणि तुझा चेहरा सैल झाला. मी चहा संपवला. जिना उतरताना माझ्या मनात काय होतं, तेही लिहून टाकतो, कारण अर्धं सांगण्यात आता अर्थ नाही. मला पुन्हा तुझा हेवाच वाटत होता. जो अपराध तू केलाच नव्हतास, त्याची माफी तू दोन श्वासांत मागून मोकळा झालास. मला ते पन्नास वर्षांत जमलं नाही.

बुधवारी सकाळी मी पुन्हा येणार होतो. या वेळी नक्की. सात वाजता अनिलचा फोन आला.

हा लेख छापायला देण्याआधी मी तो वहिनींना वाचून दाखवणार आहे. माझ्यासाठी न विचारता चहा टाकला जातो असं ते एकच घर उरलंय. पुढं टाकला जाईल का, माहीत नाही. ढाल माझ्या नावानं देऊ नये, असं अनिलला आत्ताच लिहून ठेवतो. द्यायचीच असेल तर जो बॅट्समन अंपायरच्या बोटाकडे खरंच का, असं बघतो आणि तरी भांडत नाही, अशा एखाद्याला द्यावी, तुझ्या नावानं. आणि टूर्नामेंटला दोन्ही टीमबाहेरचे अंपायर आणावेत.

रविवारी तुझा हात माझ्या हातात होता, तेव्हा जे म्हणायचं होतं, ते एवढंच होतं. तुझा संशय खरा होता. बॉल बॅटला लागला नव्हता, पट्टा वाजला होता, आणि ते मला त्याच क्षणी माहीत होतं. तू नॉट आऊट होतास. माफ तू मला करायचं होतंस, उत्तम. मला माफ कर.